रेसची मूठ

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं ओळीने लागतात. आजूबाजूला मिठागरं, खाडी, तिवरं आणि पुढे डोंगरी ओलांडली की उत्तनचा उघडा समुद्र. या पट्ट्यात लोखंड टिकत नाही हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. खिडकीचे गज, गॅलरीचं ग्रिल, पाण्याच्या टाकीचं झाकण, सगळ्याला दर दोन-तीन वर्षांनी रंग लावावा लागतो. मोटरसायकलची साखळी, सायलेन्सर, स्पोक यांच्याकडेही आम्ही लक्ष ठेवून असतो. हँडलच्या मुठींकडे मात्र कुणी बघत नाही. साखळी सैल झाली तर आवाज करते, ब्रेक झिजला तर करकरतो. मूठ काही बोलत नाही. ती हळूहळू बिघडते आणि हात तिला सरावत जातो.

माझी स्प्लेंडर आहे. राईहून निघायचं, मॅक्सस मॉलवरून पूर्वेला यायचं, गोल्डन नेस्ट, काशिमिरा, फाउंटन, मग घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट उतरून ठाण्यात कामावर. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. गेल्या पावसाळ्यात गायमुखच्या चढावर एका कंटेनरच्या मागे गाडी रांगत होती. शेजारी जरा जागा मोकळी झाली म्हणून मी रेस दिली. मनगट फिरलं, गाडी मात्र क्षणभर होती तशीच राहिली, आणि मग एकदम ओढली. हातात रेनकोटाच्या बाहीतून उतरलेलं पाणी होतं, त्यामुळे हातच घसरला असेल असं वाटलं. फाउंटनच्या अलीकडे सिग्नलला थांबल्यावर हात पुसून पुन्हा फिरवून बघितलं. हात घट्ट होता. रबरच आतल्या पाइपवर फिरत होतं.

रेसची मूठ म्हणजे नुसतं हातासाठी लावलेलं रबर नव्हे. डाव्या बाजूचं रबर थेट हँडलच्या लोखंडी दांडीवर बसतं. ती दांडी बाहेरून साधारण २२ मिलिमीटरची. उजव्या बाजूला त्याच दांडीवर एक प्लास्टिकचा पाइप मोकळा फिरतो, त्याच्या आतल्या टोकाला गोल खाच असते आणि त्या खाचेत रेसच्या वायरचं धातूचं टोक अडकवलेलं असतं. रबर या पाइपवर बसतं. आपण रबर पिळतो, रबर पाइपला फिरवतं, पाइप वायर ओढतो, वायर कार्ब्युरेटरमधली झडप वर उचलते. हात सोडला की तिथली स्प्रिंग सगळं मागे आणते. म्हणजे या सगळ्या साखळीतला पहिला दुवा ते रबर आहे. तो दुवा घसरला तर पुढचं सगळं चोख असून उपयोग नाही. ट्रेलरला ओलांडताना पाव सेकंद उशिरा मिळालेली ताकद आणि न मागता एकदम मिळालेली ताकद, दोन्ही सारख्याच वाईट.

दुसऱ्या दिवशी भाईंदर स्टेशनजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "कंपनीची देऊ की लोकल? आणि दादा, वरून फोमचं कव्हर घ्या ना, हाताला मऊ लागेल." कंपनीची जोडी घेतली. फोमच्या कव्हराला हात लावला नाही, आणि याबद्दल माझं मत पक्कं आहे. ही मोजे घातल्यासारखी चढवलेली कव्हरं रस्त्यावर गाडीगाडीला दिसतात. पावसात ती पाणी पितात, खाली रबर चिकट झालेलं असेल तर त्यावर फिरतात, आणि आतल्या बाजूला सरकली तर स्विचच्या डब्याला घासून रेस अडकवून ठेवतात. बिघडलेल्या मुठीवर आणखी एक थर चढवणं म्हणजे बिघाड झाकणं.

घेताना जोडीतल्या दोन्ही मुठींच्या भोकात बोट घालून बघितलं. उजवीचं भोक मोठं असतं, कारण ती पाइपवरून बसते. दिसायला दोघी सारख्याच, त्यामुळे घाईत उलटी चढवायला गेलं तर डावी उजव्या पाइपवर जातच नाही आणि उजवी डाव्या दांडीवर ढिली राहते. सुटी मूठ घेणारे इथे फसतात.

रविवारी अंगणात गाडी मधल्या स्टँडवर लावली. समोरच्या घरातले तात्या खुर्ची घेऊन बाहेर आले. तात्यांनी उमेदीची सगळी वर्षं बजाज चेतकवर काढली आहेत आणि आजही कुणी गाडी उघडलेली दिसली की त्यांना घरात बसवत नाही.

"गॅरेजवाला पाच मिनिटांत करून देईल की रे," ते म्हणाले.

"देईल तात्या, पण आत काय झालंय ते मला बघायचंय."

"मग आधी डावी काढ. सोपी आहे."

डावी फेकायचीच होती, म्हणून ब्लेडने लांबीच्या दिशेने सरळ कापली. लोखंडावर ब्लेड घासला तरी काही बिघडत नाही. रबराची दोन पाखं उघडली आणि आतली दांडी दिसली. क्लचच्या बाजूला, जिथे मुठीची कड स्विचला टेकते, तिथे तपकिरी गंजाचं बोटभर रुंद कडं. बाकीच्या दांडीवर रबर चिकटवायच्या जुन्या सोल्युशनचे पिवळट पोपडे आणि त्यांच्यामध्ये गंजाचे ठिपके. बोट फिरवलं तर बोटाच्या टोकाला तांबूस भुकटी लागली. बाहेरून ही मूठ अगदी धडधाकट दिसत होती.

तात्या वाकून बघत म्हणाले, "हे खाऱ्या हवेचं काम."

गंजाच्या बाबतीत ते खरंच आहे. मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून धरतो, मुठीच्या कडेखालून ते पाणी आत शिरतं आणि वर रबर असल्याने सुकत नाही. पण रबर मऊ पडतं, चिकट होतं, त्याला मीठ जबाबदार नाही, जरी आमच्याकडे सगळा दोष मिठालाच देतात. रबराला खातो तो प्राणवायू, ओझोन आणि ऊन. झाडाच्या चिकातून येणारं रबर मुळात उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होणारं. आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे रबराच्या बागा आहेत, तिथे साच्यात गोठवलेल्या चिकाच्या लाद्या पाहिल्या की पटतं की यातून टायर किंवा मूठ थेट होणार नाही. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ साली गंधक आणि उष्णता यांची जोड सापडली, तेव्हा कुठे रबर ऋतूंना दाद देईनासं झालं. गंधक रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवतं. ऊन आणि हवा वर्षानुवर्षं त्या साखळ्या तोडत राहतात. मग तेच रबर पुन्हा मऊ, चिकट व्हायला लागतं. काही स्वस्त मुठी तर रबराच्या नसतातच, मऊ केलेल्या प्लास्टिकच्या असतात. त्यांना मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि तळहाताला काळा रंग लागतो. त्यात हाताचा घाम, पेट्रोल भरताना बोटांना लागलेला थेंब, चेन ऑइलचा हात. माझ्या उजव्या मुठीवर अंगठा आणि तर्जनी जिथे येतात तिथली नक्षी पूर्ण सपाट झाली होती.

दांडी घासायला बारीक पॉलिश पेपर घेतला, सोल्युशनचे पोपडे रॉकेलच्या फडक्याने काढले, आणि मग फडकं स्पिरिटमध्ये भिजवून पुसून घेतलं, कारण रॉकेलचा तेलकटपणा राहिला तर नवं सोल्युशन धरत नाही. यात घाई करण्यासारखं काही नाही. दांडी हाताला कोरडी आणि किंचित खरखरीत लागेपर्यंत मी थांबलो नाही.

उजवीकडे ब्लेड चालवायचा नाही. खाली प्लास्टिकचा पाइप असतो आणि त्यावर रबर पकडून ठेवणाऱ्या उभ्या कडा असतात. त्यांना चिरा पडल्या तर नवीन मूठही फिरायला लागेल. स्विचच्या डब्याचे खालचे दोन स्क्रू सोडवले, डबा दोन भागांत उघडला, वायरचं धातूचं टोक खाचेतून बाहेर काढलं आणि पाइप दांडीवरून ओढून हातात घेतला. मग चपटा, बोथट स्क्रूड्रायव्हर रबराखाली जरासा सरकवून स्पिरिटचे थेंब सोडले, मूठ पिळली, पुन्हा थेंब, पुन्हा पीळ. मूठ निसटून आली. ती अशी सहज यावी हेच तिच्या आजाराचं निदान होतं: पाइपवरच्या कडा शाबूत होत्या, पण रबराला आतून पडलेल्या खाचा पुसून गेल्या होत्या. धरायला काही उरलंच नव्हतं.

पाइपच्या आत बघितलं तर काळा, घट्ट चिखल. कुणीतरी कधीतरी तिथे ग्रीस भरलं होतं आणि त्यात रस्त्याची धूळ बसली होती. काशिमिऱ्यापासून पुढे बांधकामांच्या सिमेंटची धूळ बारा महिने उडते, ती ग्रीस पकडून ठेवतं. मी दांडीचं टोक आणि पाइपची आतली बाजू कोरडी पुसली, ग्रीस पुन्हा लावलं नाही. वायरच्या टोकाला मात्र थेंबभर ऑइल दिलं.

तात्यांना इथे चेतक आठवली. पुण्याजवळच्या आकुर्डीत १९७२ पासून बनू लागलेली ती स्कूटर चालवणाऱ्याच्या दोन्ही हातांना फिरायचं काम देत असे. उजव्या मुठीत रेस आणि डाव्या मुठीत क्लच दाबून फिरवायचे गिअर. "डावीचं रबर फिरायला लागलं ना," ते म्हणाले, "की हात दुसऱ्यावर आणि गिअर पहिल्यातच. मी तर पावसाळ्याआधी दरवर्षी रबर ओढून बघायचो." त्यांनी खुर्चीतच बसून डावा हात पुढे करून क्लच दाबला आणि मनगट खाली-वर करून चारही गिअर टाकून दाखवले. मधे न्यूट्रलसाठी जो सूक्ष्म थांबा असतो, तोही घेतला. इतक्या वर्षांनी हाताला ती जागा सापडते, हे बघून मला फार बरं वाटलं. यंत्र चालवणं डोक्याला जितकं माहीत असतं तितकंच तळहाताला माहीत असतं, आणि तळहाताची माहिती येते ती मुठीतूनच.

नवीन बसवताना तात्यांचा आग्रह साबणाच्या पाण्याचा होता. "साबण लाव आणि एका दमात घाल." साबणाने मूठ झटकन आत जाते यात शंका नाही. पण साबण आत राहतो, आणि आपल्याकडचा पाऊस मुठीच्या कडेतून पाणी पोहोचवतोच. मी रबर चिकटवायचं सोल्युशन वापरलं. ओलं असताना तेच सरकायला मदत करतं आणि सुकल्यावर धरून ठेवतं. उजवी मूठ पाइप बाहेर असतानाच त्यावर चढवली. त्यामुळे सोल्युशनचा थेंबही पाइप आणि दांडीच्या मधे जाण्याची भीती राहिली नाही. तिथे थेंब गेला तर रेस फिरवल्यावर परत येणार नाही. डावी मूठ चढवताना मात्र जोर लागला. तळहाताने ढकलत, पिळत, नक्षीची दिशा सरळ ठेवत ती स्विचपर्यंत नेली आणि कडेला आलेलं सोल्युशन लगेच पुसलं. गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच उभी ठेवली.

सोमवारी पहाटे सगळं जोडलं. उजव्या मुठीची कड आणि स्विचचा डबा यांत नखाएवढी फट ठेवली, आणि बाहेरचं बंद टोक दांडीच्या टोकाला घासत नाही ना ते बघितलं. इथे अंदाज चालत नाही. पूर्ण रेस देऊन हात सोडला. मूठ 'टक्' करून जागेवर आली. हँडल पूर्ण डावीकडे वळवून सोडली, पूर्ण उजवीकडे वळवून सोडली; तीच 'टक्'. मग इंजिन चालू करून आयडलवर ठेवलं आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. आवाज बदलला नाही, म्हणजे वायर कुठे ताणली जात नव्हती. मूठ फिरवताना सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटरची ढील असायला हवी, तीही होती. घरी मुठी बदलणाऱ्यांनी बाकी काही टाळलं तरी ही तपासणी टाळू नये, असं मला अगदी मनापासून सांगायचं आहे. रेस अडकलेल्या गाडीवर ब्रेक मारत राहणं काय असतं ते मी एका मित्राच्या तोंडून ऐकलं आहे.

घोडबंदर रस्त्याला लागल्यावर फरक जाणवला तो बोटांत. आधी ठाण्यात पोहोचेपर्यंत उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं. मी ते रस्त्याच्या खड्ड्यांवर घालत होतो. खड्डे होतेच आणि आहेतच. पण घसरणारी मूठ फिरू नये म्हणून मी ती गरजेपेक्षा जास्त आवळून धरत होतो, आणि आवळलेल्या मुठीतून इंजिनाचा सगळा थरथराट हाडांत उतरत होता. नव्या मुठीवर हात सैल ठेवता येतो. गायमुखच्या उतारावर दोन बोटं ब्रेकवर आणि बाकीची नुसती टेकलेली, इतकं पुरतं.

आता तात्यांच्या सुनेच्या स्कूटरची पाळी आहे. तिच्या मुठींच्या टोकाला थरथर कमी करणारी लोखंडी वजनं आहेत, ती काढल्याशिवाय मूठ निघणार नाही, आणि त्यांचे स्क्रू उत्तनच्या वाऱ्याने पार गंजले आहेत. आत्ताच पाना लावला तर डोकं मोडेल. स्क्रूवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवायला मी सूनबाईंना सांगितलंय. पुढच्या रविवारी हलतात का ते बघू.