लालबागेच्या नदीकाठी

गेल्या हिवाळ्यात एका सभेच्या निमित्ताने आम्हांस इंदूरला जाण्याचा योग आला. सभा दोन दिवसांत आटोपली. परतीच्या गाडीस एक दिवस अवकाश होता. रामबागेत राहणाऱ्या एका वयोवृद्ध मराठी गृहस्थांनी तो दिवस वाया जाऊ दिला नाही. "फादर, रजवाडा सगळेच पाहतात. उद्या पहाटे लालबागेत चला, नदीच्या अंगाने फिरून येऊ," असे ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच आमच्या दाराशी येऊन उभे राहिले.

लालबाग म्हणजे होळकरांचा वाडा आणि त्याभोवतीची विस्तीर्ण बाग. बांधकामास १८८६ साली आरंभ झाला व ते १९२१ साली पुरे झाले. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीवर घडवलेले लोखंडी फाटक इंग्लंडात ओतवून जहाजाने मुंबईस आणले होते. त्यावर होळकरांचे राजचिन्ह आहे. जो यत्न करतो त्यालाच यश लाभते, असा त्यावरील ब्रीदवाक्याचा आशय असल्याचे आमच्या सोबत्यांनी सांगितले. आत शिरलो तेव्हा झाडांवर धुके होते. कानटोप्या घातलेली वृद्ध मंडळी जोडीजोडीने फेऱ्या घालीत होती. पाऊलवाटेच्या वळणावर धुके विरळ झाले आणि पांढरा वाडा हळूहळू दृष्टीस पडू लागला. असे रम्य दृश्य आम्ही क्वचितच पाहिले असेल.

या वाड्यात संगमरवरी खांब आहेत, झुंबरे आहेत, आणि नाचघराच्या लाकडी जमिनीखाली स्प्रिंगा बसवल्या आहेत. आमचे मन मात्र एका वेगळ्याच गोष्टीत गुंतले. वाड्याचा मुदपाकखाना वाड्यात नव्हता, तो नदीच्या पैलतीरी होता. तयार झालेले अन्न जमिनीखालच्या भुयारातून वाड्यात येई. धूर, वास, खरकटे सारे पलीकडे, आणि अलीकडे सुग्रास ताटे! सोय मोठी खरी. परंतु हा 'पलीकडे' शब्द त्यानंतर दिवसभर आमची पाठ सोडीना.

वाट नदीपाशी गेली. लालबागेच्या जुन्या वर्णनांत या नदीचे नाव खान असे येते. अलीकडे तिला कान्ह म्हणतात. शहरात कान्ह आणि सरस्वती असे दोन ओघ असून ते कृष्णपुऱ्याजवळ एकत्र होतात. तेथे होळकरांच्या सुंदर छत्र्या आहेत. लांबून पाहिले तर काठची झाडे, पाण्यावरचा कोवळा प्रकाश, एका पायावर उभा असलेला बगळा, सारेच चित्रासारखे. जवळ गेलो आणि नाकाला पदर लावावा अशी स्थिती झाली. पाणी काळसर व जड होते. आमचे सोबती खिन्न होऊन म्हणाले, "आमची आजी याच नदीवर धुणे धूत असे, फादर. आम्ही मुले पाण्यात डुंबत असू. आता नातवंडांना हे सांगितले तर ती हसतात."

या नदीची चिंता आजची नव्हे. पॅट्रिक गेडीस नावाचे स्कॉटलंडचे नगररचनाकार होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून इंदूरला आले होते. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी मोठी मिरवणूक काढली. प्लेगचा प्रचंड उंदीर आणि घाणीचा राक्षस करून ते शेवटी जाळण्यात आले. मिरवणुकीचा मार्ग मात्र आधी ठरवला नव्हता. ज्या आळ्या अधिक स्वच्छ, त्यांतून ती जाईल, असे जाहीर झाले. मग काय, घरोघर झाडू फिरला! पुढे १९१८ साली छापलेल्या दोन खंडांच्या अहवालात त्यांनी नदीकाठी बागा व फिरण्याच्या वाटा सुचवल्या, आणि सांडपाणी नदीत न सोडता बागांच्या मातीला द्यावे, असे आग्रहाने मांडले.

शंभर वर्षांनी इंदूरने यत्न केला हे मान्य केले पाहिजे. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा हे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले. नदीनाल्यांत सांडपाणी सोडणारी हजारो मुखे शोधून बंद करण्यात आली, आणि २०२१ साली सांडपाण्याच्या व्यवस्थेबद्दल 'वॉटर प्लस' हा मान मिळवणारे ते देशातील पहिले शहर झाले. रस्त्यावर कागदाचा कपटा आमच्या दृष्टीस पडला नाही. तरीही नदी अद्याप निर्मळ झालेली नाही. रस्ता झाडणे एका सकाळचे काम आहे. नदीत मात्र प्रत्येक मोरी, प्रत्येक कारखाना, वरच्या अंगाचे प्रत्येक गाव येऊन मिळते.

आणि कान्ह इंदुरात थांबत नाही. उत्तरेस सांवेरवरून ती उज्जैनजवळ शिप्रेला मिळते. तेथे बारा वर्षांनी सिंहस्थाला लक्षावधी लोक स्नान करतात. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी कान्हचे पाणी शिप्रेत मिसळू नये म्हणून ते नळातून वळवून पुढे खाली सोडण्याची योजना करावी लागली. २०२८ च्या सिंहस्थासाठी असाच आणखी मोठा बंदिस्त मार्ग हाती घेतला आहे. स्नानाचा घाट वाचला, उत्तम झाले. पण जेथे ते पाणी बाहेर पडते, तेथेही गावे आहेत, विहिरी आहेत, गुरे आहेत. पुन्हा तेच 'पलीकडे'!

परतीच्या गाडीत आम्हांस आपल्या वसईच्या बावखलांची आठवण झाली. आपल्या पूर्वजांनी ती खणली आणि त्यांच्या पाण्यावर वाड्या पिकवल्या. त्यांतील कित्येक आपणच भरणी घालून बुजवली. जी उरली त्यांत कोठे प्लास्टिक, कोठे मोरीचे पाणी. इंदूरच्या राजाला नदीपलीकडे मुदपाकखाना बांधावा लागला. आपल्याला तेवढेही श्रम नकोत. कुंपणापलीकडे बादली उपडी केली की आपले अंगण स्वच्छ!

वाचकहो, इंदूरला गेलात तर लालबाग अवश्य पाहा. पहाटेच्या धुक्यात ती पाहण्याजोगीच आहे. पण नदीकाठी थोडे थांबा, खाली वाकून पाणी पाहा. आणि घरी परतल्यावर आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते, हे एकदा तिच्यामागून चालत जाऊन पाहा. वाट फार लांबची नसते. बहुधा ती शेजाऱ्याच्या विहिरीपाशी संपते.