शेंदराखालचं

सप्तशृंगगड आमच्या कळवण तालुक्यातला, त्यामुळे देवीचं रूप आम्हाला पाठ. शेंदराने गोलावलेलं अंग, अठरा हात, मोठाले डोळे आणि समोरच्या डोंगरावरच्या मार्कंडेय ऋषींचं ऐकायला किंचित कललेली मान. २०२२ साली दर्शन बंद ठेवून पिढ्यान्‌पिढ्यांचे थर उतरवले गेले. नवरात्रात दार उघडलं तेव्हा कातळातली आयुधं, दागिन्यांची नक्षी लख्ख दिसू लागली. रांगेतल्या एक आजीबाई हात जोडायचंही विसरल्या. मग पुटपुटल्या, "बारीक झाली गं माझी आई!"

नवीन कुणी काहीच घडवलं नव्हतं, नुसतं काढलं होतं. मला आठवला पंधराशे वर्षांपूर्वीचा एक ख्रिस्ती साधू, बहुधा सीरियाकडचा. त्याच्या 'गूढ ईश्वरविद्या' या जेमतेम पाच प्रकरणांच्या ग्रीक पुस्तकात हाच दाखला आहे: मूर्तिकार झाकणारं तेवढं काढून टाकतो, आतलं सौंदर्य आपोआप उघडं पडतं. देवाच्या बाबतीतही हा साधू तसंच करतो. देव म्हणजे देह नव्हे, प्रकाश नव्हे, अंधारही नव्हे. शेवटी 'नव्हे' म्हणणंही तोकडं पडतं. त्याच्या आधी, चौथ्या शतकात, निस्साच्या ग्रेगरीने बायबलमधल्या मोशेची सिनाय पर्वतावरची चढण अशीच वाचली होती: आधी उजेड, मग ढग, मग अंधार, आणि त्या अंधारात देव.

नवव्या शतकात आयरिश विद्वान एरियुगेनाने या साधूचे ग्रंथ लॅटिनमध्ये नेले. पुढे थॉमस अक्विनासने त्याचे दाखले जागोजाग दिले, आणि सोळाव्या शतकातल्या स्पेनच्या क्रूसभक्त योहानाची 'काळोखी रात्र' ही कविताही याच वाटेवरची. साधूने नाव मात्र उसनं घेतलं होतं, पहिल्या शतकातल्या प्रेषित पौलाचा अथेन्समधला शिष्य दियोनिसियस याचं. हजार वर्षं बहुतेकांनी ते खरं मानलं. १८९५ साली कोख आणि श्टिग्लमायर या जर्मन अभ्यासकांनी दाखवून दिलं की यातलं बरंच पाचव्या शतकातल्या ग्रीक तत्त्वज्ञ प्रोक्लसकडून आलेलं आहे. नाव गळून पडलं, खाली दुसरं नाव निघालं नाही. ग्रंथ मात्र टिकला.

पण याच माणसाने 'ईश्वराची नामे' हाही ग्रंथ लिहिला. त्यात चांगुलपणा, सौंदर्य, जीवन, ज्ञान असे थरावर थर त्याने स्वतःच चढवले आहेत. नामांशिवाय केलेला नकार त्याला कोरडा वाटला असणार. जन्मभर शेंदूर वाहिलेल्या आजीबाईंनाच आई बारीक झालेली कळते. पहिल्यांदा गड चढलेल्याला ती नुसती मूर्ती दिसते.