कार्ड गप्प नव्हते

१/ आजच्या धाग्यात बखर नाही, संगणकाचे एक जुने कार्ड आहे. एका दिवंगत अभ्यासकांनी केलेली मोडी कागदांची लिप्यंतरे १९९० च्या दशकातील संगणकात अडकली होती. यूएसबी नाही, फ्लॉपी ड्राइव्ह निकामी. बाहेर पडायची वाट एकच: नेटवर्क कार्ड.

२/ कार्ड ‘एनई२०००’ घराण्यातले. नोव्हेलच्या या रचनेच्या नकला अनेक कंपन्यांनी काढल्या, म्हणून मुक्त युनिक्स-कुळातील प्रणालींनीही ती आपलीशी केली. दुसरी डिस्क जोडून तिच्यावर मी नेटबीएसडी (पहिली आवृत्ती १९९३) बसवू लागलो; तिला डॉसची जुनी डिस्क वाचता येते.

३/ कर्नलने कार्ड ओळखले, त्याचा इथरनेट पत्ताही वाचला. तरी एकही पॅकेट जाईना. पडद्यावर पुनःपुन्हा तेच: ‘डिव्हाइस टाइमआउट’. केबल बदलली; व्यर्थ.

४/ उलगडा कार्डावरच्या जंपरमध्ये होता. अशा आयएसए कार्डाला पोर्टचा पत्ता लागतो आणि हाक मारण्यासाठी इंटरप्टचा क्रमांक. पत्ता जुळला होता, म्हणून ओळख पटली. कार्ड मात्र ३ वरून हाक मारत होते आणि कर्नल १० वर कान देऊन बसला होता. शिवाय ३ हा दुसऱ्या सीरियल पोर्टचाही क्रमांक. बायोसमध्ये तो पोर्ट बंद केला, बूट करताना कर्नलला ३ सांगितला.

५/ पहाटे पहिली फाइल उतरली.

६/ ‘साधने याविषयी मौन बाळगतात’, असे आपण सहज लिहितो. हल्ली ते लिहिण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो: माझा कान कोणत्या क्रमांकावर आहे?