खिडकीतला तांबडा उजेड

तो उजेड आधी भिंतीवर यायचा. खिडकीच्या गजांच्या सावल्या चुन्यावर हळूच उमटायच्या, मधली जागा तांबूस व्हायची, मग शेंदरी, आणि गोधडीतून मी डोळे उघडेपर्यंत देवळीतल्या गजानन महाराजांच्या तसबिरीची काच निखाऱ्यासारखी फुललेली असायची. दोन-तीन मिनिटं. मग आला तसाच तो ओसरायचा आणि निरांजनाची एवढीशी ज्योत पुन्हा आपल्या जागी दिसू लागायची.

भिलाईतल्या खुर्सीपारच्या आम्हा पोरांना त्याचं नाव ठाऊक होतं. स्लॅग. दल्ली-राजहऱ्याचं खनिज भट्टीत वितळलं की लोखंड खाली बसतं, मळी वर तरंगते. ती उकळती मळी रात्री ओतली की अर्धं आभाळ उजळायचं, आणि पावसाळ्यात ढग खाली उतरलेले असले म्हणजे तर आमच्या क्वार्टरच्या अंगणातली तुळससुद्धा तांबडी दिसायची. १९५९च्या फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली भट्टी सुरू झाली. त्यानंतर दोन वर्षांनी बाबा गोंदियाकडचं शेत भावाच्या हवाली करून इथं आले. माझ्यासाठी मात्र त्या उजेडाचा अर्थ एवढाच होता, की तिकडे बाबा आहेत.

एक श्रावणातली रात्र अजून मिटत नाही. सेकंड शिफ्ट दहाला सुटायची, अकरापर्यंत बाबांची सायकल दारात लागायची. त्या रात्री बारा वाजले. लाईट गेलेली, पाऊस नुसता कोसळत होता. ताटावर उपडं ठेवलेलं ताट, त्याखाली वरणावर धरलेली साय. आईनं एकदाही दार उघडून पाहिलं नाही. तिनं तांबड्या फडक्यातून ‘गजानन विजय’ काढला, एकवीस अध्यायांपैकी खुणेचं मोरपीस जिथं होतं तिथून वाचायला लागली. हळू, अडखळत, नेहमीपेक्षा जराही मोठ्यानं नाही.

शेजारच्या अक्का कंदील घेऊन आल्या. त्यांचं माणूसही त्याच पाळीत. त्यांना तेलुगू यायची, आईला मराठी. दोघींच्या मध्ये मोडकी हिंदी. त्या रात्री तीही लागली नाही. आई वाचता वाचता जराशी सरकली, पाटावर एका माणसापुरती जागा झाली. अक्का बसल्या आणि ओवीमागून ओवी, एक अक्षर न कळता, पोथीवर कंदील धरून राहिल्या. त्यांच्या मनगटावरून पावसाचं पाणी ओघळत होतं.

मग तो उजेड आला. तिघींच्या तोंडावर.

‘‘पाय, भट्टी चालू हाय,’’ आई मला म्हणाली. ‘‘महाराज जागे हायेत. तू नीज.’’

बाबा पहाटे आले, चिंब भिजून. सायकल चिखलात ढकलत.

किती वर्षं मी मानत आले की त्यांना पोथीनं आणलं. भाबडं होतं, पण त्या मानण्यावर मी परीक्षा दिल्या, परगावी नोकरीला गेले, पहिल्या बाळंतपणाची रात्र काढली. आणि मग दूरच्या एका शहरात, दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात, ट्यूबलाईटच्या पांढऱ्याफटक उजेडात मी बसले होते आणि आत बाबा होते. तिथं खिडकी नव्हती. मी मनात सारखी हिशेब मांडत होते, नवस बोलत होते, देवाशी भांडत होते. हे देईन, ते सोडीन, फक्त परत दे.

आई शेजारी बसली होती, ऐंशीच्या घरातली, पायात लोकरी मोजे. तिनं पिशवीतून तेच तांबडं फडकं काढलं. तेव्हा मला आठवलं. त्या श्रावणातल्या रात्री तिनं काही मागितलंच नव्हतं. ‘येऊ दे’ असा एक शब्द तिच्या तोंडून गेला नव्हता.

या वेळी बाबा आले नाहीत.

पण ते कळायला अजून अवकाश होता. तोवर आई वाचत होती, हळू, अडखळत. वाचता वाचता ती जराशी सरकली आणि तिच्या पलीकडे, बाकावर, एका माणसापुरती जागा झाली.