धरलं ते येत नाही

वीस प्रश्न. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीला १ वजा. सगळे प्रश्न सोडवून ४० गुण मिळाले, बरोबर किती? ‘सगळी बरोबर’ धरून मुलं ६० पर्यंत येतात, २० जास्त झाले हेही ओळखतात. अडतात ती पुढे. त्या २० ला कोणी १ ने भागतं, कोणी ३ ने भागून बाकी घेऊन बसतं. एक उत्तर चुकलं की मिळणारे ३ जातात आणि वर १ दंड, म्हणजे फटका ४ चा, हे मी तीस वर्षं खडू आपटून सांगतोय.

बीजगणितवाल्यांशी माझं भांडण याच ४ वरून आहे. क्ष मांडला, कंस सोडवला की ४क्ष = ६०. चार आपोआप उगवतात. ते आले कुठून, हे मुलाला कळायची गरजच उरत नाही. शिष्यवृत्तीच्या काही क्लासांत तर सूत्रच घोकून घेतात. मला त्याचा राग येतो.

पण सूत्र मीही दिलंच होतं: ‘धरलं ते येत नाही.’ सगळी बरोबर धरली, की भागाकारातून चुकलेली येतात. ही ओळ दुसऱ्या शिक्षकाच्या तोंडून ऐकली की मी सुखावायचो.

यंदा पाचवीतल्या एका मुलीने दहा बरोबर, दहा चूक धरली. ‘सगळी धर,’ म्हणत मी पहिल्याच ओळीवर फुली मारली. तिने मुकाट्याने खोडलं.

संध्याकाळी वह्या तपासताना खोडलेले आकडे दिसले. ३० उणे १०, २०. अजून २० हवेत. एक चूक सुधारली की ४ वाढतात, पाच सुधारायच्या. पंधरा.

लीलावतीतलं इष्टकर्म मी दरवर्षी वर्गात मिरवतो. भास्कराचार्यांनी ११५० साली सांगितलं: इष्ट, म्हणजे हवी ती संख्या धरा, मग दुरुस्त करा. तिथली दुरुस्ती गुणोत्तराची, इथली फरकाची. पण सुरुवात हवी तिथून. मी मात्र मुलांना मला हवी तीच धरायला लावत आलो.

दुसऱ्या दिवशी तिला फळ्याशी बोलावलं.

“सर, बारा धरू?”

३६ उणे ८, २८. बारा कमी. इथे मी तोंड उघडणार होतो. माझ्याआधी तिने ४ लिहिले.