आढी

आमचं घोडेगाव म्हशींच्या बाजारासाठी ओळखलं जातं. पण माझ्या लहानपणी आमच्या बांधाला आंब्याची सात झाडं होती आणि प्रत्येकाला नाव होतं. शेंदऱ्या, खोबऱ्या, गोट्या, शेप्या. मृगाच्या तोंडावर पहिला पाड पडला की दादा झेल्यानं आंबे उतरवायचे. देठ थोडं राखायचं, म्हणजे चीक अंगावर उतरून डाग पडत नाही. मग आई अंधाऱ्या खोलीत गव्हाच्या काडात आढी घालायची. चार-पाच दिवसांनी सगळं घर वासानं भरून जायचं. आई रोज हात घालून पिकलेले काढायची, नासके फेकायची.

त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. तोडलेला आंबा मेलेला नसतो, तो श्वास घेत असतो. पिकताना तो इथिलीन नावाचा वायू सोडतो आणि त्यानं शेजारचाही पिकायला लागतो. आतल्या पिठाची साखर होते, आंबटपणा उतरतो, गर मऊ पडतो. केळी, चिकू, सीताफळ यांचंही तसंच. मात्र आत पीठ भरलेलं पाहिजे.

माझं लग्न झालं त्या सुमाराची गोष्ट. अक्षयतृतीयेला पित्रांच्या नैवेद्याला आमरस लागतो, म्हणून त्या आठवड्यात आंब्याला भाव असतो. आमची झाडं तेव्हा पाडाला आलेली नसतात. मी दादांना न विचारता कोवळे आंबे उतरवले आणि वेल्डिंगवाल्याकडून कार्बाइडचे खडे आणले. पुड्या बांधून पाट्यांत ठेवल्या. ओल लागली की त्यातून गॅस निघतो. तीन दिवसांत आंबे पिवळेधमक! शुक्रवारच्या बाजारात हातोहात गेले. मी खुशीत होतो.

सणाच्या दिवशी त्यातलेच चार घरी पिळायला घेतले. रस निघेना. कोयीभोवती गर पांढरा, चवीला आंबटढाण. आईनं ताट तसंच ठेवलं. दादा ओरडले नाहीत. एक आंबा नाकाला लावून म्हणाले, "रंग आलाय रं. आंबा अजून झाडावरच हाय."

पुढच्या शुक्रवारी उरलेली पाटी घेऊन बसलो. मागल्या बाजारी आंबे नेलेली एक बाई आली. आंबा उचलून तिनंही नाकाला लावला, काही न बोलता खाली ठेवला आणि पुढं गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी पाटी उचलून घरी आलो, आंबे उकिरड्यावर ओतले.

कार्बाइडमध्ये आर्सेनिकचा, फॉस्फरसचा अंश असतो. 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत त्यानं फळं पिकवायला बंदी आहे. आता इथिलीनच्या खोल्या निघाल्यात, त्याला मर्यादेत परवानगी आहे. चांगलंच आहे. पण गॅस कुठलाही असू द्या, जे झाडावर भरलं नाही ते खोलीत भरत नाही.

सातातला एकटा खोबऱ्या उरलाय. दर साली बाजंखाली आढी घालतो. नातू रोज विचारतो, "आज्या, झाले का?"

मी म्हणतो, "वास येऊ दे."