समाधानकारक खुलासा

‘संबंधितांनी समाधानकारक खुलासा केलेला नाही.’ दंडाच्या आदेशातलं हे वाक्य मला अजून पाठ आहे. आदेशाचा कागद गावी आईच्या ट्रंकेत, मी बहरीनला सनाबिसमध्ये. तरी परवा ऑफिसात एका अर्जावरचा रकाना भरताना ते वाक्य जसंच्या तसं समोर आलं आणि हात थांबला.

खुलासा केला होता. दादांनी, माझ्या वडिलांनी, माझ्यादेखत.

आम्ही वैतरणा खाडीवरचे हातपाटीवाले. होडी नांगरायची, तळापर्यंत वासा रोवायचा, तो धरून खाली डुबी मारायची, बादली रेतीत खुपसून भरायची आणि वरच्याने ती ओढून घ्यायची. दिवसाला शंभराच्या वर डुब्या. दादांचा उजवा कान त्यातच गेला. 2010 मध्ये सुमैरा अब्दुलअली यांच्या आवाज फाउंडेशनच्या याचिकेवरून उच्च न्यायालयाने रेती उपशावर बंदी आणली, तेव्हा आमच्या बंदरावर त्या बाईंचं नाव शिवीसारखं घेत. पुढे हातपाटीला मुभा मिळाली, तीही तुकड्यातुकड्याने. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरांच्या आतल्या रेतीच्या गटांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. 2016 मध्ये त्या मंजुऱ्या देणाऱ्या समित्या जिल्ह्यात आल्या, 2018 मध्ये हरित लवादाने त्यांना चाप लावला. वर किनाऱ्याचे सीआरझेड नियम, मेरीटाइम बोर्ड, महसूल. नियम कडक होते याचं दुःख नव्हतं. कुठल्या दारात उभं राहायचं तेच दर दोन वर्षांनी बदलायचं, आणि प्रत्येक दारातला शिपाई आधीच्या दाराकडे बोट दाखवायचा.

असो. त्या रात्रीचं सांगतो.

2018 चा कार्तिक, वद्य चतुर्दशी. परवाना होता, रॉयल्टीचं चलान भरलेलं होतं. रेती काढायची ती सकाळी सहा ते संध्याकाळी सहा याच वेळेत, हेही माहीत होतं आणि पाळलंही होतं. दुपारी साडेतीनला होडी भरली, चार ब्रास. पण तोवर ओहोटी लागली होती. भरलेली होडी ओहोटीत हलत नाही, ती चिखलात बसते आणि माणसं तिच्यावर बसतात. दादा, मी आणि दोन गडी असे चौघे पाणी परत येईपर्यंत तिथे बसलो. आठनंतर होडी उचलली. बंदराला लागलो तेव्हा साडेनऊ झाले होते. पाट्या उतरवायला घेतल्या आणि 10 वाजून 40 मिनिटांनी बॅटऱ्या चमकल्या. ही वेळ मी सांगत नाही, पंचनाम्यात आहे. पथकाने रात्रीचा अवैध उपसा अशी नोंद केली.

मी म्हणालो, साहेब, आम्ही काढत नाही, उतरवतोय. साहेब म्हणाले, अंधारात मला दोन्ही सारखंच दिसतं. तसं म्हटलं तर ते खोटं बोलत नव्हते.

दंड बाजारभावाच्या पाचपट. चार ब्रासचे एक लाख चाळीस हजार, वर रॉयल्टी पुन्हा. आधीच भरलेली रॉयल्टी ‘त्या रेतीची’ आहे हे आम्ही सिद्ध करायचं. रेतीवर नाव थोडंच लिहिलेलं असतं!

सुनावणीला दादा इस्त्रीचा सदरा घालून गेले. आमच्याकडे भरतीचा हिशेब तोंडी असतो: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्दशी म्हणजे चौदा पाऊणे साडेदहा. म्हणजे रात्री साडेदहाला भरपूर पाणी, सव्वाचारला सुकती. साडेतीनला भरलेली होडी निघणार कशी? दादांनी हे सगळं बोटांवर मोजून दाखवलं. साहेबांनी हळू आवाजात काही विचारलं. दादांचा तो उजवा कान. त्यांना वाटलं तिथी विचारताहेत, म्हणून ते पुन्हा म्हणाले, ‘चतुर्दशी, साहेब.’ कारकून हसला. खरं तर साहेबांनी विचारलं होतं, याला कागद काय आहे? मी दुसऱ्या तारखेला भारतीय सर्वेक्षण खात्याच्या छापील भरतीच्या तक्त्याची झेरॉक्स घेऊन गेलो. ती जोडून घेतली. पानावर शिक्का आहे. आणि महिन्याने आदेश आला, चौथ्या परिच्छेदात ते वाक्य. तक्त्याचा उल्लेख नाही, तिथीचा नाही, चिखलात बसलेल्या साडेचार तासांचा नाही. बाहेर आल्यावर दादा एवढंच म्हणाले, ‘पोरा, कागदाला भरती कलते का?’

त्याच महिन्यात रेल्वेच्या 92 आणि 93 नंबरच्या पुलांच्या अंगाला रात्रभर सक्शन पंप चालत होते. पुलापासून 600 मीटर उपसा बंद, असा नियम होता. पंपांचा आवाज आमच्या ओटीवर ऐकू यायचा, दादांच्या डाव्या कानालाही.

आईच्या पाटल्या गेल्या, होडी बंदरावर पालथी पडली आणि 2019 मध्ये मी इथे आलो. बांधकामाची वाळू आणि खडी विकणारी कंपनी. माझं काम कागदांचं. अरबीत ज्याला मंदूब म्हणतात, सरकारी कचेऱ्यांत फायली फिरवणारा, त्याच्या हाताखाली. ज्याने कागदामुळे धंदा गमावला त्याने कागदावरच पोट भरावं, यावर मी सुरुवातीला खूप कडवट विनोद करायचो. आता करत नाही.

बहरीनला नदी नाही. खडी येते रास अल खैमाहच्या डोंगरांतून, बार्जवर. वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून इतकी गुळगुळीत झालेली की काँक्रीटला धरत नाही, आणि समुद्रातली काढली तर मीठ धुवावं लागतं, नाहीतर सळ्या गंजतात. आमच्या कंपनीला किनाऱ्याजवळ अशीच धुण्याची आणि साठवणीची जागा सुरू करायची होती. त्यासाठी पर्यावरणाचा परवाना. फाइल तीनदा परत आली. धुतलेलं पाणी कुठे जाणार? त्यातला गाळ कुठे बसणार? धूळ उडू नये म्हणून काय करणार? प्रत्येक वेळी मी सनाबिसच्या ऑफिसात टेबलावर मूठ आपटायचो आणि केरळचे आमचे मॅनेजर चहा मागवायचे.

चौथ्या वेळी ‘कामाची वेळ’ या रकान्यात मी सवयीने सकाळी सहा ते संध्याकाळी सहा लिहिलं. त्या रात्रीनंतर दुसरं काही लिहायची हिंमतच नव्हती. पर्यावरण खात्यात समोर बसलेली इंजिनिअर, वयाने माझ्याहून लहान, तिने ते वाचलं आणि विचारलं, ‘बार्ज सहानंतर आली तर?’

मी म्हटलं, थांबवू.

‘इथे पाणी उथळ आहे. भरतीला आत आली नाही तर ती रुतून बसेल.’ तिने पेनने माझी ओळ खोडली आणि समासात अरबीत काहीतरी लिहिलं. मंदूबने मला अर्थ सांगितला: उतरवण्याची वेळ भरतीनुसार. रात्री आवाज आणि दिवे किती, ते वेगळं लिहून द्या.

एवढंच. कुणी पुरावा मागितला नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला राग. परत येताना गाडीत मी मंदूबशी एक शब्द बोललो नाही. म्हणजे हे लिहिता येतं! रकाना असतो, समास असतो, पेन असतं. मग आमच्याच वेळी काय झालं होतं?

आणि आता एक गोष्ट, जी मी इथल्या मराठी मित्रांना हा किस्सा सांगताना नेहमी गाळतो. त्या सक्शन पंपांपैकी एक माझ्या काकाचा होता. दोन हंगाम. दादांनी दुसरी होडी त्याला भाड्याने दिली होती, आमच्या घराचा स्लॅब त्या पैशातला आहे. आणि दादांचा वासा! मी लहान असताना तो वीस फुटांचा होता. मी निघालो तेव्हा त्याला दुसरा जोडून पस्तीस फुटांचा केलेला. खाडीचा तळ कुठे गेला हे आमच्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत नदी किती रेती परत आणते ते मोजायला सांगितलंय. आमच्याकडे ते मोजमाप ओटीवर आडवं ठेवलेलं असायचं, फक्त कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. अब्दुलअली बाईंना शिव्या देणाऱ्यांत मीही होतो.

सनाबिसही एकेकाळी किनाऱ्यावरचं गाव. आज माझ्या खोलीपासून समुद्राकडे निघालं की डाना मॉल लागतो, मग हायवे, मग सीफचे टॉवर, आणि पाणी पार पलीकडे. साठच्या दशकापासून हा देश भराव घालून घालून शंभर चौरस किलोमीटरहून जास्त वाढलाय. त्या भरावाची वाळू समुद्राच्याच तळातून. भरतीनुसार लिहून देणाऱ्या देशाची ही दुसरी बाजू, आणि माझा पगार तिच्यातून येतो. यावर मला काय वाटतं ते दिवसागणिक बदलतं.

कुणाला तिकडे रेतीच्या धंद्यात पडायचंच असेल तर माझं ऐका: गट मिळाला म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नका. अटींचं पान आधी वाचा, शेवटचं. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका, आणि आपलं म्हणणं त्यातच लिहायला लावा, नंतरचा खुलासा कुणी वाचत नाही. होडी अडकली तर तिथल्या तिथे वेळेसकट फोटो काढा. आमच्या चौघांच्या खिशात तीन मोबाइल होते. एकानेही काढला नाही.

परवाना मिळाला त्या रात्री दादांना फोन केला. इथे नऊ, तिकडे साडेअकरा. डाव्या कानाला लावा म्हणून आईला ओरडून सांगावं लागलं. समासातल्या ओळीचं सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

मग म्हणाले, ‘तिथं आज भरती कदी?’

मी तक्ता बघून वेळ सांगितली. तिकडून पुटपुटणं ऐकू आलं, तिथी, पाऊण, पुन्हा तिथी.

‘नाय जुलत,’ ते म्हणाले. ‘परत बग.’